कुकरची शिट्टी आणि गाडीचा रेडिएटर

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. मेव्हणीच्या डोहाळजेवणासाठी आम्ही सॅन होजेहून लॉस एंजेलिसला निघालो होतो. गाडीत मी, बायको, पाच वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेली आई. बाहेर १०० फॅरनहाइटच्या वर ऊन. आय-५ वरचा ग्रेपव्हाइनचा चढ सुरू झाला आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. मी एसी बंद केला नि मनाशी म्हटलं, घाट संपू दे, मग थांबू. थोड्या वेळाने काटा आपणहून खाली आला. मला हायसं वाटलं. दोनच मिनिटांत गाडीची ओढ गेली आणि इंजिन बंद पडलं.

गाडी कशीबशी कडेला घेतली. बॉनेटमधून वाफ येत होती. मी पंचा घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघालो, तेवढ्यात आई ओरडली, "अरे, वाफ जिरली का? कुकर तरी असा उघडतोस का कधी?"

इंजिनिअरिंगची पदवी माझ्याकडे, पण शहाणपण आईकडे होतं. घरातला प्रेशर कुकर साधारण १५ पौंड दाबावर चालतो, म्हणून त्यातलं पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण हेच काम करतं. निम्मं पाणी नि निम्मं अँटीफ्रीझ हे मिश्रण १५ पौंड दाबाखाली सुमारे १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि सगळं उकळून तोंडावर येतं. म्हणून इंजिन पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो.

मग काटा खाली का आला? तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला असतो. द्रवच संपला की तो नुसत्या वाफेत लटकतो आणि खोटं सांगू लागतो. त्या वेळी हीटर लावून पाहिला असता तर गार वारा आला असता, कारण हीटरलाही तोच गरम द्रव लागतो. चढलेला काटा आणि हीटरचा गार वारा, किंवा काट्याचं असं अचानक उतरणं, म्हणजे ताबडतोब इंजिन बंद करा.

वाचकहो, अशी गाडी बंद पडली तर कारण शोधण्याचा क्रम असा:

१. काटा केव्हा चढला? गर्दीत, गाडी उभी असताना चढला आणि वेगात उतरला, तर संशय पंख्यावर. हायवेवर किंवा चढावर चढला, तर कमी झालेला द्रव, अडकलेला थर्मोस्टॅट, तुंबलेला रेडिएटर किंवा वॉटर पंप.

२. इंजिन गार झाल्यावर द्रवाची पातळी पाहा. कमी असेल तर तो गेला कुठे? नळ्या, रेडिएटरचे सांधे आणि पंपाखालचं बारीक छिद्र तपासा. पंपाचं सील गेलं की त्या छिद्रातून गळती होते.

३. इंजिन फिरतं का? बॅटरी चांगली असून फिरत नसेल, तर ते जाम झालं असेल किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल. पुन्हा पुन्हा चावी फिरवू नका. नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटला असेल किंवा कॉम्प्रेशन गेलं असेल. काही गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर चालतो, त्यामुळे पंप जाम झाला की बेल्टही जातो.

४. हेड गॅस्केट शाबूत आहे का? ही इंजिनची कुकरची रिंगच म्हणा. ती गेली की धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर, दुधाळ झालेलं तेल किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात. मात्र खात्री मापानेच होते. एक म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट. दुसरी निळ्या रसायनाची. शीतक द्रवात एक्झॉस्टचा वायू असेल तर ते पिवळं पडतं.

आमची गाडी ओढून नेली, त्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून सांगितलं, "इंजिन गेलं, दुसरं बसवा." अंदाज ५८०० डॉलर. मी विचारलं, "कॉम्प्रेशन किती आलं?" त्याने मोजलंच नव्हतं. दुसऱ्या गॅरेजमध्ये मोजल्यावर शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांतच दाब कमी निघाला. म्हणजे त्यांच्यामधलं गॅस्केट फाटलं होतं. हेड काढून सरळ पट्टी लावून पाहिलं; वाकलं होतं, पण घासून सपाट होण्यासारखं. पंप, गॅस्केट आणि हेड मिळून बिल २१०० डॉलर झालं.

कॅलिफोर्नियात काम सुरू करण्याआधी लेखी अंदाज देणं गॅरेजला कायद्याने बंधनकारक आहे. काम सोपवतानाच सांगितलं तर काढलेले जुने भागही पाहायला मिळतात. संकोच न करता मागा.

आता माझी चूक. गळती जुनी होती. महिनाभर ड्राइव्हवेवर हिरवट डाग दिसत होता आणि मी "बघू पुढच्या शनिवारी" म्हणत होतो. तेव्हा नुसता पंप बदलला असता तर बरंच स्वस्तात सुटलो असतो. काटा चढताच थांबलो असतो तरी गॅस्केट वाचलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये रोज शिकतो ते इथे विसरलो: शेवटी दिसणारी चूक म्हणजे मूळ कारण नव्हे.

तो डाग केवळ पैशाचा प्रश्न नव्हता. बहुतेक अँटीफ्रीझमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असतं, मूत्रपिंडं निकामी करतं. माझी मुलगी त्याच ड्राइव्हवेवर खडूने रांगोळ्या काढते. डाग दिसला तर लगेच धुऊन काढा. पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता पॉयझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा.

उन्हाळी प्रवासाआधी गार इंजिनवर द्रवाची पातळी पाहा, माणशी भरपूर पाणी बरोबर घ्या. गाडी बंद पडलीच तर रस्त्याच्या उजव्या कडेला घ्या आणि मुलांना, वडीलधाऱ्यांना रहदारीपासून दूर, कठड्यापलीकडे उभं करा.

डोहाळजेवण आम्हांला चुकलं. बाळाच्या बारशाला मात्र त्याच गाडीने गेलो. निघताना आईने विचारलं, "पाणी बघितलंस ना?" बघितलं होतं.