कार्बोरेटरचे निदान : लक्षण, स्थान आणि कारण

मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात येणारी तक्रार बहुधा एकाच वाक्यात सांगितली जाते : 'गाडी मिसिंग करते.' इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीत चांगलाच रुळला आहे. तथापि तो परिणामाचे नाव आहे, कारणाचे नव्हे. इंजिनाला पेट्रोल कमी मिळाले तरी ज्वलन चुकते, अधिक मिळाले तरी चुकते, आणि ठिणगी दुबळी असली तरीही चुकते. परस्परविरुद्ध कारणांचे रूप असे एकच दिसत असल्यामुळे निदानाचा खरा प्रश्न 'काय होते?' हा नसून 'केव्हा होते?' हा आहे. 'आमचा' आणि 'आमची' या रूपांतील 'च'च्या भिन्न उच्चारांचा उलगडा पुढील स्वराकडे पाहिल्यावाचून होत नाही. त्याचप्रमाणे इंजिनाच्या अडखळण्याचा अर्थ मूठ किती उघडली आहे हे पाहिल्यावाचून लागत नाही.

उदाहरणादाखल जुनी ३५० घनसेंटिमीटरची बुलेट घेता येईल. १९५५ साली मद्रास येथे एन्फिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तिच्या या गाडीवर प्रारंभी अमल व पुढे मिककार्ब बनावटीचे, सरकत्या झडपेचे कार्बोरेटर बसविले जात. टाकीतील पेट्रोल कॉकमधून कार्बोरेटरच्या वाटीत उतरते. वाटीतील फ्लोट पुरेसा वर आला की सुई पेट्रोलची वाट बंद करते. इंजिनाकडे ओढली जाणारी हवा अरुंद मार्गातून वेगाने जाताना तिचा दाब उतरतो व जेटमधून पेट्रोल वर खेचले जाते. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते.

हे प्रमाण राखण्याचे काम कोणताही एक भाग सर्वकाळ करीत नाही. मूठ बंद असल्यापासून सुमारे एक-अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट व हवेचा स्क्रू यांचा अंमल असतो. तेथून पाव भागापर्यंत झडपेच्या खालच्या कडेला दिलेल्या तिरप्या कापाचा. पाव ते पाऊण भागापर्यंत झडपेला टांगलेल्या निमुळत्या सुईचा. आणि त्यापुढे मेन जेटचा. हे अंमल एकमेकांत थोडे मिसळतात, परंतु प्राधान्य बदलत नाही. त्यामुळे जी गाडी जागेवर उभी असताना बंद पडते पण वेगात सुरळीत धावते, तिचे मेन जेट बदलणे निरर्थक होय. दोष प्रत्येक स्थितीत आढळला, तर वाटीतील पेट्रोलची पातळी, फ्लोटला पडलेले छिद्र किंवा कचऱ्याने तुंबलेले एअर क्लीनर यांकडे वळावे.

स्थान निश्चित झाल्यावर पेट्रोल कमी पडते की जास्त होते हे ठरवावयाचे असते. आयुर्वेदाच्या निदानपंचकात 'उपशय' नावाचे एक साधन आहे : उपचार करून पाहावा आणि आराम पडतो की नाही यावरून रोग ओळखावा. चोकची परीक्षा ही नेमकी याच जातीची आहे. इंजिन गरम असताना, दोष दिसतो त्याच स्थितीत चोक किंचित लावला आणि चाल सुधारली, तर पेट्रोल कमी पडत होते; चाल अधिक बिघडली, तर ते मुळातच जास्त होते. प्लगची साक्षही घ्यावी. काजळीने काळा पडलेला प्लग पेट्रोलचा अतिरेक दाखवितो, पांढरट पडलेला कमतरता, आणि फिकट तपकिरी रंग योग्य प्रमाण सुचवितो.

कार्बोरेटर उघडण्यापूर्वी मात्र त्याच्या बाहेरील कारणे वगळली पाहिजेत. प्लग, पॉइंट व ठिणगी यांची तपासणी प्रथम करावी. गाडी काही किलोमीटर चालून बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा सुरू होत असेल, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. टाकीत हवा न शिरल्याने पेट्रोल उतरत नाही. कार्बोरेटर व इंजिन यांमधील सांध्यातून हवा ओढली जात असेल, तर स्क्रू कितीही फिरविला तरी जागेवरची चाल स्थिर होत नाही.

या क्रमाला महत्त्व का, हे चुकीच्या उपायांवरून कळते. तुंबलेल्या जेटमध्ये तार घातल्यास पितळेचे सूक्ष्म छिद्र रुंदावते आणि प्रमाण कायमचे बिघडते. जेट द्रावकाने धुऊन हवेच्या झोताने साफ करावे. उलट, पेट्रोल खरोखर कमी पडत असता गाडी वेगात तशीच दामटल्यास इंजिन अतितप्त होऊन पिस्टनला इजा पोहोचते.

अलीकडे या निदानात एका नव्या कारणाची भर पडली आहे. भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत सुमारे २० टक्क्यांवर गेले. शुद्ध इथेनॉलच्या १ भागाला केवळ ९ भाग हवा पुरते. त्यामुळे निव्वळ पेट्रोलसाठी ठरविलेल्या जेटमधून येणारे मिश्रण इंजिनाच्या दृष्टीने इंधनाने थोडे तोकडे पडते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचा अंश मर्यादेबाहेर गेला की ते पाण्यासह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, म्हणजे कॉकच्या तोंडाशीच. जुन्या नळ्यांचे व वायसरांचे रबरही त्याने फुगते. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीचे निदान म्हणूनच टाकीच्या तळापासून सुरू करावे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली, आणि दोषाची नोंद बव्हंशी यंत्रच ठेवू लागले. जुन्या गाडीपाशी अशी नोंद नाही. ती मालकाच्या वाक्यातूनच मिस्त्रीपर्यंत पोहोचते. 'मिसिंग करते' या वाक्यातून ती पोहोचत नाही. 'गार असताना ठीक चालते, गरम झाल्यावर अर्धी मूठ उघडली की अडखळते, चोक लावला की सुधारते' या वाक्यात मात्र निम्मे निदान झालेले असते.