पटांगण कंपनीचं, डाव खेळाडूंचे

ऑक्टोबर २०२१मध्ये फेसबुकच्या कंपनीने आपलं नाव बदलून ‘मेटा’ केलं आणि मेटाव्हर्स हा शब्द वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकला. सोबत डोळ्यांवर जाडजूड यंत्रं चढवलेल्या माणसांचे फोटोही आले. आभासी जगात जमून खेळणं म्हणजे काहीतरी नवं, महागडं आणि कंपनीने आयतं तयार करून दिलेलं प्रकरण, ही समजूत तेव्हा चांगलीच पसरली. तिच्यातलं फारसं काही खरं नाही.

आधी वय पाहू. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८मध्ये ‘मड’ लिहायला घेतलं आणि पुढे रिचर्ड बार्टलने ते वाढवलं. त्यात एकही चित्र नव्हतं. खोल्या, वाटा, खजिना, समोर उभा राहिलेला दुसरा खेळाडू, सगळं शब्दांतच. उत्तरेला जायचं तर तसं टाइप करायचं. तरीही अनेक जण एकाच वेळी त्या जगात वावरत, गप्पा मारत, एकमेकांना मारतही. यंत्र डोळ्यांवर चढवावं लागतं हा समजही इथेच निकालात निघतो. आजही बहुतेक लोक अशी जगं साध्या संगणकावर नाहीतर मोबाइलवरच उघडतात.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे: खेळ कंपनी बनवते, खेळाडू फक्त खेळतात. याला सगळ्यात गमतीदार उत्तर मिळतं ते ‘हॅबिटॅट’मध्ये. लुकासफिल्मच्या गेम विभागाने १९८६मध्ये कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी हे जग चाचणीला खुलं केलं. टेलिफोनच्या तारेवरून अगदी मंद गतीने चालणारं, पण चित्रांचं जग. लोकांना गुंतवून ठेवायला निर्मात्यांनी घाम गाळून ‘डनाल्सी आयलंड’ नावाची एक मोठी शोधमोहीम रचली. ती कित्येक दिवस पुरेल असा त्यांचा अंदाज होता. तिच्यातला कळीचा दुवा एका खेळाडूने पहिल्या पंधरा मिनिटांतच ओळखला आणि सुमारे आठ तासांत सगळी मोहीमच आटोपली. बऱ्याच जणांना तर लॉग-इन करायलाही सवड मिळाली नव्हती!

त्याच जगात दुसरी गंमत घडली. एका यंत्रातून बाहुली ७५ टोकनना मिळते आणि दुसरं यंत्र तीच १००ला विकत घेतं, हे काही खेळाडूंच्या लक्षात आलं. ते रात्रभर बाहुल्यांची ने-आण करत राहिले. पुरेसं भांडवल जमल्यावर स्फटिकाच्या गोळ्यांकडे वळले, कारण त्या १८ हजारांना घेऊन ३० हजारांना विकता येत. सकाळी निर्मात्यांनी हिशोब पाहिला तेव्हा जगातलं चलन एका रात्रीत पाचपट झालं होतं. पण या नवश्रीमंतांनी पैसा दाबून ठेवला नाही. त्यांनी स्वतःच्या कल्पनेने खजिनाशोधाचे खेळ भरवले, बक्षिसं लावली, आणि ते लोकांना भलतेच आवडले. चाळ बांधणारा फार तर अंगण सोडतो; तिथे लगोरी रंगेल की क्रिकेट, हे पोरं ठरवतात. हॅबिटॅटचे निर्माते चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी पुढे मोकळेपणाने लिहिलं की सगळं वरून आखण्याचा नाद सोडून आपण खेळाडूंच्या मागे चालायला शिकलो.

सगळा मामला मारामारीचाच, असंही सर्रास म्हटलं जातं. हॅबिटॅटमध्ये बंदुका होत्या, चोऱ्या आणि खूनही होते. पण तिथे खून हा गुन्हा मानावा का यावर मतदान झालं आणि मतं निम्मी-निम्मी पडली. खेळाडूंनी शेरीफ निवडला, एकाने साप्ताहिक काढलं, आणि प्रत्यक्ष आयुष्यात पाद्री असलेल्या एकाने तर चर्च स्थापन केलं. अलीकडचं उदाहरण रोब्लॉक्सचं. २००६मध्ये सुरू झालेल्या या मंचावरचे खेळ मुख्यतः वापरणारेच बनवतात. तिथल्या ‘ग्रो अ गार्डन’वर २०२५मध्ये एका वेळी दोन कोटींहून अधिक लोक होते, आणि ते करत काय होते? बी पेरणं, पीक काढणं, विकणं. अर्थात, वापरणाऱ्यांनी बनवलेलं ते सगळं निर्धोक असंही नाही. मुलांच्या सुरक्षिततेवरून रोब्लॉक्सवर अमेरिकेत खटले दाखल झाले आहेत आणि ती काळजी खोटी नाही.

खोलीत एकटा बसून खेळतो म्हणजे एकलकोंडाच, हा निष्कर्षही घाईचा. नॉर्वेच्या मॅट्स स्टीनला स्नायू क्षीण करत नेणारा ड्युशेन हा आजार होता. २०१४मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. मुलाचं आयुष्य मित्रांविनाच सरलं, असं आईवडिलांना वाटत होतं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि ठिकठिकाणांहून ईमेल येऊ लागले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तो इबेलिन नावाने वावरत असे. त्याच्या गटातले लोक तिथे राक्षस मारण्यापेक्षा गप्पांतच जास्त रमत, अडीअडचणीला एकमेकांच्या मदतीला जात. त्यांतले काही अंत्यविधीला दुसऱ्या देशांतून आले. २०२४मध्ये त्याच्यावर माहितीपट आला. एका उदाहरणावरून सगळ्यांना प्रमाणपत्र देता येत नाही, हेही खरं.

आपल्याकडचा गैरसमज जरा वेगळा. ‘ऑनलाइन गेम’ म्हटलं की अनेक घरांत पैसे लावून खेळायची रमीच आठवते. पण पैशाचा जुगार आणि निखळ खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेकंड लाइफ या २००३च्या आभासी जगात त्या दोन्ही शेजारी-शेजारी होत्या. तिथले लिंडेन डॉलर विकून खरे डॉलर मिळतात, त्यामुळे लोकांनी कॅसिनो थाटले. जुलै २००७मध्ये ते जग चालवणाऱ्या लिंडेन लॅब या कंपनीने जुगारावर बंदी घातली. कॅसिनो गेले; रहिवाशांनी भरवलेल्या शिडाच्या बोटींच्या शर्यती चालू राहिल्या. भारतातही ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने संमत केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि पैशाचे खेळ असे तीन वेगळे गट करतो. वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घेणारा खेळही सोशल गेममध्ये बसू शकतो. जिंकून पैसे मिळतील या आशेवर पैसे लावायला सांगणाऱ्या खेळावर मात्र, तो कौशल्याचा असो की नशिबाचा, या कायद्याने बंदी आहे.