विश्लेषण : वास्तुविशारदाला स्वतःची फर्म काढण्यासाठी बांधकाम व्यवस्थापनाची पदवी कितपत उपयोगी?

पाच वर्षांची बी. आर्क. पदवी पूर्ण झाली आणि नोंदणी क्रमांक हाती आला की स्वतःचे कार्यालय थाटण्याचा अधिकार मिळतो. तरीही अनेक तरुण वास्तुविशारद त्याआधी आणखी दोन वर्षे बांधकाम व्यवस्थापन शिकण्याच्या विचारात असतात. लाखो रुपयांचे शुल्क आणि उमेदीची दोन वर्षे खर्ची घालून फर्म चालवण्याचे बळ मिळते का, याचा हा आढावा.

कायद्याने फर्मसाठी काय लागते?

वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर या वैधानिक परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच किंवा अशा वास्तुविशारदांच्या फर्मलाच ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावता येते. नोंदणीचा पाया बी. आर्क. ही पदवी आहे. बांधकाम व्यवस्थापनातील एम. आर्क., एम. टेक. किंवा एमबीए यांची त्यासाठी गरज नाही. उलट केवळ व्यवस्थापनाची पदवी असलेल्या स्थापत्य अभियंत्याला तिच्या जोरावर हे नाव लावता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिलेल्या निकालानुसार या कायद्यातील कलम ३७ चे संरक्षण नावापुरते आहे. नोंदणी नसलेल्यांना आराखडे करण्याचे काम करण्यास हे कलम बंदी घालत नाही. त्यामुळे तरुण वास्तुविशारदाची स्पर्धा केवळ आपल्यासारख्या नोंदणीधारकांशी नसते. अभियंते, अंतर्गत सजावटकार आणि ‘नकाशापासून चावीपर्यंत’ सगळे एका छताखाली देणारे कंत्राटदारही त्याच ग्राहकाच्या दारात उभे असतात.

मग फर्म अडखळते कुठे?

बऱ्याचदा पैशाच्या आणि वेळेच्या हिशेबात. एक साधे गणित पाहू. समजा, एका बंगल्याचा बांधकाम खर्च १ कोटी २० लाख रुपये आहे आणि वास्तुविशारदाचे शुल्क ५ टक्के, म्हणजे ६ लाख रुपये ठरले आहे. पहिल्या रेखाटनापासून ताबा देईपर्यंत १२ महिने लागतील असा अंदाज आहे. या कामाच्या वाट्याला भाडे, एका सहायकाचा पगार, सॉफ्टवेअर, प्रवास असा महिना ३५ हजार रुपयांचा खर्च येतो. काम वेळेत संपले तर खर्च ४ लाख २० हजार होईल आणि हातात १ लाख ८० हजार उरतील.

हेच काम २० महिने रेंगाळले तर खर्च ७ लाखांवर जातो. शुल्क तेवढेच राहते. म्हणजे उत्तम बंगला बांधूनही फर्मला १ लाखाचा तोटा होतो. शुल्क टप्प्याटप्प्याने मिळते आणि त्यातला मोठा हिस्सा प्रत्यक्ष बांधकामाच्या प्रगतीशी व काम पूर्ण होण्याशी जोडलेला असतो. स्लॅब लांबला, ग्राहकाचे गृहकर्ज अडकले किंवा कंत्राटदार मध्येच दुसऱ्या साइटवर गेला, की वास्तुविशारदाचा हप्ताही पुढे जातो.

त्यात कराची भर पडते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे आणि दर १८ टक्के. बिल काढले आणि ग्राहकाने ते थकवले, तरी सरकारला कर वेळेत भरावा लागतो. विकासकासारखा ग्राहक व्यावसायिक शुल्कातून १० टक्के उद्गम करकपात करतो, ती रक्कम पुढे विवरणपत्रात जमा-वजा होते. या कशाचाही चित्र काढण्याच्या हातोटीशी संबंध नाही, पण कार्यालय चालू राहणे त्यावरच अवलंबून असते.

अभ्यासक्रमात नेमके काय शिकवतात?

वेळापत्रक, खर्च, करार, गुणवत्ता आणि सुरक्षितता हे या शिक्षणाचे मुख्य भाग. कोणते काम कोणत्या कामाआधी संपायला हवे, कोणते लांबले तर सगळा प्रकल्प लांबतो, हे शोधण्याची ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विकसित झाली. ती आजही या अभ्यासाचा कणा आहे. त्यासोबत दर विश्लेषण, परिमाणपत्रक, निविदा, कामाच्या मोजमापाचे भारतीय मानक, कराराच्या अटी, विलंबाचे दावे आणि लवाद यांचा अभ्यास होतो. प्रिमाव्हेरा, एमएस प्रोजेक्ट ही सॉफ्टवेअरही शिकवली जातात.

पुण्यातील बालेवाडीची निकमार ही संस्था १९८३ पासून याच क्षेत्रासाठी ओळखली जाते. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातही बांधकाम व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. काही वास्तुकला महाविद्यालयांत हाच विषय एम. आर्क. म्हणून घेता येतो.

बी. आर्क.मध्ये अंदाजपत्रक आणि व्यावसायिक कार्यपद्धती हे विषय असतातच. मात्र पाच वर्षांचा सर्वाधिक वेळ डिझाइन स्टुडिओत जातो. परीक्षेपुरते केलेले अंदाजपत्रक आणि ग्राहकाच्या बचतीवर बेतलेले अंदाजपत्रक यांतला फरक पहिल्या साइटवर कळतो.

फर्मला त्याचा थेट उपयोग कुठे होतो?

पहिला उपयोग स्वतःच्या करारात. काम किती महिन्यांचे धरले आहे, ते लांबल्यास महिन्याला किती जादा शुल्क, आराखड्यात किती बदल मोफत, हे लिहून घेतले असते तर वरच्या उदाहरणातला तोटा टळला असता. विलंब आणि दाव्यांचा अभ्यास केलेला वास्तुविशारद ही कलमे घालायला सहसा विसरत नाही.

दुसरा उपयोग वेगळी सेवा विकण्यासाठी. परिषदेच्या नेमणुकीच्या अटींनुसार वास्तुविशारदाने बांधकामाची वेळोवेळी पाहणी करायची असते. रोजच्या देखरेखीसाठी ग्राहकाने स्वखर्चाने साइट पर्यवेक्षक किंवा बांधकाम व्यवस्थापक नेमावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात घर बांधणारा ग्राहक ‘आर्किटेक्ट आहेत ना’ म्हणून हे सगळे त्याच शुल्कात गृहीत धरतो. व्यवस्थापन शिकलेली फर्म ही सेवा स्वतंत्रपणे मांडून तिचे स्वतंत्र शुल्क लावू शकते. नव्या कार्यालयासाठी महिन्याला ठरावीक येणारी अशी रक्कम मोलाची असते.

तिसरा उपयोग सहीची जोखीम सांभाळण्यासाठी. रेरा कायद्यानुसार घर खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम विकासकाला स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ती काढताना काम किती टक्के झाले याबाबत अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे लागतात. त्या टक्केवारीवर खरेदीदारांचा पैसा हलतो. झालेल्या कामाचे मोजमाप आणि खर्चाचे प्रमाण समजणाऱ्या वास्तुविशारदाची सही नुसत्या अंदाजावर पडत नाही.

पदवी काय देत नाही?

ग्राहक देत नाही. छोट्या फर्मची पहिली कामे नातेवाईक, मित्र, आधीच्या कार्यालयातील ओळखी आणि एखादा भरवशाचा कंत्राटदार यांच्याकडून येतात. घर बांधू पाहणारे कुटुंब पदव्या मोजत नाही, ते आधी बांधलेले घर दाखवा म्हणते. परिषदेच्या आचारसंहितेने जाहिरातबाजीवर मर्यादा घातल्या असल्याने ओळखीचे महत्त्व आणखी वाढते.

दुसरे म्हणजे, अभ्यासक्रमाची मोजपट्टी मोठ्या प्रकल्पांची असते. महामार्ग, मेट्रो, टाउनशिप यांसाठी तयार झालेली तंत्रे दोन मजली बंगल्याला जशीच्या तशी लागू होत नाहीत. शेकडो कामांचे जाळे आखता येणाऱ्यालाही सेंट्रिंगवाला उद्या येतो म्हणून आठवडाभर आला नाही तर काय करायचे, हे साइटवरच शिकावे लागते.

पदवीविना हे ज्ञान मिळवल्याचे ठळक उदाहरण केरळमध्ये आहे. लॉरी बेकर यांनी खर्चात काटकसर हीच आपल्या वास्तुकलेची ओळख केली. कंत्राटदारावर विसंबून न राहता ते गवंड्यांसोबत साइटवर काम करत. तिरुअनंतपुरमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचे संकुल त्याची साक्ष देते. अर्थात, तिथवर पोहोचायला साइटवरची अनेक वर्षे जावी लागली.

पदवी नोकरीकडेच का ओढते?

हे अभ्यासक्रम प्रामुख्याने कंपन्यांना मनुष्यबळ पुरवण्यासाठी घडले आहेत. कॅम्पसवर येतात त्या बांधकाम कंपन्या, विकासक आणि प्रकल्प सल्लागार. शैक्षणिक कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्याला हप्ते सुरू होण्याआधी पगार हवा असतो. त्यामुळे फर्म काढायची म्हणून प्रवेश घेतलेला वास्तुविशारद नियोजन अभियंता म्हणून रुजू होतो. काही वर्षांत घराचा हप्ताही लागतो आणि कार्यालयाचा बेत मागे पडतो.

ही नोकरी वाया जाते असे नाही. निविदा, बिले आणि वादविवाद जवळून पाहायला मिळतात. पण त्या काळात डिझाइनचा सराव तुटतो, छोट्या ग्राहकांशी संबंध येत नाही. म्हणून कर्ज काढून पदवी घ्यायची की तेवढीच रक्कम कार्यालयाच्या पहिल्या दीड-दोन वर्षांच्या खर्चासाठी राखायची, हा खरा हिशेब आहे.

डिझाइन आणि बांधकाम दोन्ही करावे का?

व्यवस्थापन शिकल्यावर बांधकामाचे कंत्राटही स्वतःच घेण्याचा मोह होतो. उलाढाल वाढते, ग्राहकालाही एकच माणूस धरता येतो. पण वास्तुविशारदाने ग्राहकाच्या वतीने कंत्राटदाराचे काम तपासायचे असते. तोच कंत्राटदार झाला तर तपासणार कोण? हितसंबंध असल्यास ते ग्राहकाला आधी सांगणे हे वास्तुविशारदाचे व्यावसायिक कर्तव्य आहे. शिवाय कंत्राटात साहित्य व मजुरीसाठी खेळते भांडवल अडकते, ते छोट्या फर्मला पेलेलच असे नाही. ठरावीक शुल्क घेऊन ग्राहकाच्या वतीने व्यवस्थापन करणे हा त्या मानाने कमी जोखमीचा मार्ग आहे.

मग निर्णय कसा घ्यावा?

क्रम महत्त्वाचा ठरतो. बी. आर्क. संपताच लगेच प्रवेश घेतल्यास वर्गातील करार आणि दावे कागदावरचे वाटतात. एखाद्या कार्यालयात दोन-तीन वर्षे काम करून, किमान एक इमारत पायापासून ताब्यापर्यंत पाहून गेलेल्याला तेच विषय स्वतःच्या चुका उलगडून दाखवतात. मोठ्या संस्थात्मक किंवा गृहसंकुलांच्या कामांकडे वळायचे असेल, तर पदवीचा उपयोग अधिक. बंगले, अंतर्गत सजावट, छोट्या इमारतींचा पुनर्विकास हे लक्ष्य असेल, तर अंदाजपत्रक, करार आणि नियोजन सॉफ्टवेअर यांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आणि एक चांगला लेखापाल यांतून बरेच साधते.

एम. आर्क. पदवीचा आणखी एक फायदा आहे. वास्तुकला महाविद्यालयात अध्यापनाची वाट त्यामुळे सोपी होते आणि पहिल्या वर्षांत कार्यालयाला त्या मानधनाचा आधार मिळतो. एमबीए किंवा पदविकेने तीच वाट खुली होईल, असे गृहीत धरू नये. प्रवेशाआधी परिषदेचे नियम तपासावेत.

पदवी असो वा नसो, पहिल्या दिवसापासून काही गोष्टी करता येतात. प्रत्येक कामाचा लेखी करार आणि त्यात मुदतवाढीचे शुल्क असावे. दर महिन्याला कामनिहाय तासांची नोंद ठेवावी. ‘उद्यम’ नोंदणी करावी, कारण सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे आणि विलंबावर व्याजाची तरतूदही आहे. ज्याला ही शिस्त स्वतः लावून घेता येते, त्याच्या फर्मचे पदवीवाचून अडत नाही. ज्याला ती वर्गात बसून शिकावीशी वाटते, त्याने कर्जाचा हप्ता आणि फर्म सुरू करण्याचे वर्ष, दोन्ही प्रवेशाआधीच कागदावर मांडलेले बरे.