1.6 की 1.9? गोष्ट पंधरा मिलिमीटरची

हॉस्टेलवर रात्री बारानंतर रंगणाऱ्या चर्चांचे विषय ठरलेले असतात. त्यातला एक म्हणजे, एकाच गाडीची दोन मॉडेल्स असली तर घ्यायचं कुठलं? बजाजने 2001 साली पल्सर 150 आणि 180 बरोबरच बाजारात आणल्या. तेव्हापासून या वादात टपरीवरचा किती चहा संपला असेल याचा हिशोब कोणीच ठेवलेला नाही. शेवटी निकाल मात्र एकाच वाक्यात लागतो : "सीसी जास्त, पॉवर जास्त, मग अजून काय पाहिजे राव?"

मित्रांनो, या लेखात आपल्याला याच वाक्याची जरा उलटतपासणी करायची आहे. त्यासाठी उदाहरण घेऊ फ्रान्समधलं, कारण तिथल्या एका गाडीच्या दोन मॉडेल्सवरून युरोपातले गाडीवेडे गेली जवळजवळ चाळीस वर्षं भांडतायत. ती गाडी म्हणजे प्यूजो 205 जीटीआय.

आधी थोडी ओळख

हॉट हॅच म्हणजे साधी, घरगुती, मागे उघडणारा दरवाजा असलेली छोटी गाडी घ्यायची आणि तिच्यात दमदार इंजिन, कडक सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक बसवायचे. आठवडाभर ऑफिस आणि भाजी, रविवारी घाटरस्ता. फोक्सवॅगनने 1976 मध्ये गोल्फ जीटीआय विकायला काढली आणि ही कल्पना जगभर गाजली. प्यूजोने 1983 मध्ये 205 आणली आणि पुढच्याच वर्षी तिची जीटीआय केली, 1.6 लिटर इंजिनाची. सुरुवातीला पॉवर 105 पीएस होती, 1986 मध्ये ती 115 झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस थोरलं भावंड आलं : 1.9 लिटर, 130 पीएस.

205 काही आपल्याकडे विकायला आली नाही, पण तिचं एक नातलग आलं. 1990 च्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कल्याणच्या कारखान्यात तयार झालेली पाल-प्यूजो 309 आठवते? ती 205 च्याच सांगाड्यावर बेतलेली होती. दोन्ही गाड्यांचे दरवाजेसुद्धा सामायिक होते.

आता आपल्या दोन्ही उमेदवारांची मार्कलिस्ट बघू.

1.6 : क्षमता 1580 सीसी, बोअर 83 मिमी, स्ट्रोक 73 मिमी, पॉवर 6250 आरपीएमला 115 पीएस, टॉर्क 133 न्यूटन-मीटर, टायर 185/60 आणि चाक 14 इंची, मागचे ब्रेक ड्रम.

1.9 : क्षमता 1905 सीसी, बोअर 83 मिमी, स्ट्रोक 88 मिमी, पॉवर 6000 आरपीएमला 130 पीएस, टॉर्क 161 न्यूटन-मीटर, टायर 185/55 आणि चाक 15 इंची, मागचे ब्रेक डिस्क.

दोन्ही गाड्यांचं वजन 850 ते 900 किलोच्या आसपास. बॉडी तीच, पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे ट्रेलिंग आर्म आणि आडवे टॉर्शन बार, तेही तेच.

व्हायवाला विचारण्यासारखा प्रश्न

नीट बघितलंत? बोअर दोघांचा सारखाच आहे. प्यूजोच्या इंजिनिअर लोकांनी फक्त स्ट्रोक वाढवला, पंधरा मिलिमीटर. बाकी सगळा फरक या पंधरा मिलिमीटरच्या मागोमाग आला. कॅल्क्युलेटर काढा.

क्षमता वाढली साडेवीस टक्के. टॉर्क वाढला एकवीस टक्के. म्हणजे दोन्ही एकाच प्रमाणात. दर लिटरमागे टॉर्क काढला तर दोघांचा 84 च्या घरात येतो. याचा अर्थ 1.9 चं इंजिन काही जास्त हुशार नाही, फक्त मोठं आहे. सिलेंडरमधल्या सरासरी दाबाचा, म्हणजे आयसी इंजिन्सच्या पेपरात आपल्याला छळणाऱ्या बीएमईपीचा, आकडा दोन्हीकडे जवळपास तोच.

आता पॉवर. ती वाढली फक्त तेरा टक्के! क्षमता साडेवीस टक्के वाढवून पॉवर तेराच टक्के का? कारण पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. वरच्या आरपीएमला टॉर्क टिकवायचा तर इंजिनाला भराभर श्वास घेता आला पाहिजे. श्वास येतो व्हॉल्व्हमधून, आणि व्हॉल्व्ह किती मोठे बसवायचे हे ठरतं बोअरवर. बोअर तोच राहिला, म्हणजे नाक तेवढंच आणि छाती मोठी.

हे आकड्यांत दिसतं. पॉवरवरून उलटा हिशोब केला तर 6250 आरपीएमला 1.6 चा टॉर्क 129 येतो, म्हणजे कमाल टॉर्कच्या 97 टक्के. 1.9 चा 6000 ला येतो 152, म्हणजे साधारण साडेचौऱ्याण्णव टक्के. धाकटीचा दम शेवटपर्यंत टिकतो, थोरलीचा थोडा आधी सरतो. चालवणारे लोक म्हणतात की 1.6 ला पिळायला मजा येते आणि 1.9 खालूनच ओढते. त्यामागचं गणित हेच.

अजून एक आकडा, पिस्टनच्या सरासरी वेगाचा. दोन गुणिले स्ट्रोक गुणिले आरपीएम, भागिले साठ. 1.6 ला 6250 वर हा वेग सेकंदाला 15.2 मीटर येतो. 1.9 ला 6000 वर 17.6 मीटर. म्हणजे फेरे कमी असूनही थोरलीचा पिस्टन जास्त पळतो. तेवढं घर्षण वाढतं, आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टन थांबवून उलटा फिरवताना कनेक्टिंग रॉडवर येणारा भारही वाढतो. लांब स्ट्रोकच्या इंजिनाला वर फिरायचा कंटाळा का, हे आता सांगायला नको.

इंजिनापाशी गोष्ट संपत नाही

टॉर्क क्रँकशाफ्टवर मोजतात, पण गाडी पळते चाकावर. 1.9 ला प्यूजोने लांब गिअरिंग दिलं, म्हणजे त्याच गिअरमध्ये त्याच आरपीएमला ती जास्त वेगात असते. हायवेवर हे सोयीचं, इंजिन निवांत फिरतं. पण जास्तीच्या 21 टक्के टॉर्कपैकी बराच भाग इथेच खर्ची पडतो. 1.6 चं गिअरिंग आखूड, म्हणून तिच्याजवळ जे थोडं आहे ते ती पुरेपूर चाकापर्यंत पोचवते. शून्य ते शंभरमध्ये दोघींत साधारण एका सेकंदाचा फरक पडतो. कागदावर तो मोठा वाटतो, गावातल्या रस्त्यावर मात्र फारसा जाणवत नाही.

मग टायर. 185/60 म्हणजे रुंदी 185 मिमी आणि बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे 111 मिमी. 1.9 ला ती 55 टक्के, साधारण 102 मिमी. चाक एका इंचाने मोठं झालं तरी भिंत कमी झाल्यामुळे टायरचा एकूण व्यास 578 वरून 585 मिमी, म्हणजे जेमतेम एक टक्का वाढला. बुटक्या भिंतीचा टायर कमी वळतो, त्यामुळे स्टिअरिंगचा प्रतिसाद पटकन मिळतो. पण खड्ड्याचा धक्का सोसायलाही रबर कमी उरतं. शिवाय टायरची रुंदी दोन्हीकडे 185 च! टॉर्क वाढला, पण पुढची चाकं रस्त्याला धरतात ती रुंदी तेवढीच राहिली. ट्रॅक्शन कंट्रोल वगैरे लाड तेव्हा नव्हते. ओल्या रस्त्यावर जास्तीची पॉवर वापरायची की नाही, हे उजव्या पायाने ठरवायचं.

ब्रेकच्या बाबतीत मात्र थोरली सरळ पुढे आहे. मागच्या डिस्क उष्णता लवकर सोडतात, त्यामुळे घाट उतरताना किंवा ट्रॅकवर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबले तरी भरवसा टिकतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, त्यामुळे जास्त पळणाऱ्या गाडीला हे हवंच होतं.

आणि हा मुद्दा विसरू नका

205 जीटीआयची एक खोड प्रसिद्ध आहे. वळणावर जोरात असताना घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर गाडीची शेपटी बाहेर निघते. याला लिफ्ट-ऑफ ओव्हरस्टिअर म्हणतात. कारण सोपं आहे. पाय काढला की इंजिन गाडीला मागे खेचतं आणि मागच्या चाकांवरचं काही वजन पुढे सरकतं. किती? वस्तुमान गुणिले मंदन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. 205 चा व्हीलबेस 2.42 मीटर. उदाहरणापुरती गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर, वजन 880 किलो आणि पाय काढून वर हलका ब्रेकही लावल्याने येणारं मंदन 0.3 जी धरा. उत्तर येतं जवळपास 535 न्यूटन, म्हणजे 55 किलो वजन मागून पुढे गेलं. इंजिन पुढे असल्यामुळे मागचा भाग आधीच हलका, त्यात हे. पुढची चाकं घट्ट धरतात, मागची सुटतात आणि गाडी गिरकी घेते.

हे दोन्ही मॉडेल्समध्ये होतं. पण 1.9 तुम्हाला वळणापाशी जास्त वेगात आणून सोडते, त्यामुळे चूक सुधारायला वेळ कमी मिळतो. सराईत हाताला हीच गोष्ट मजेची वाटते, नवशिक्याला ती कुंपणापलीकडे नेते. म्हणून "जास्त पॉवर म्हणजे जास्त चांगली गाडी" हे वाक्य नुसतं अर्धवट नाही, कधी कधी ते धोक्याचंही असतं.

मग घ्यायची कुठली?

अरुंद, वळणावळणाचे रस्ते, मध्यम वेग, गिअर सारखे बदलत इंजिन पिळायची हौस असेल तर 1.6. लांबचा प्रवास, मोकळे रस्ते, ट्रॅकवर जायची इच्छा आणि हात बसलेला असेल तर 1.9. थोरलीचा मान मोठा, पण धाकटीवर जीव टाकणारेही कमी नाहीत, आणि ते खिशाकडे बघून बोलत नाहीत एवढं वरच्या आकड्यांवरून पटायला हरकत नाही.

आज या गाड्या तिशी ओलांडलेल्या आहेत. त्यामुळे युरोपात आज 205 जीटीआय शोधणाऱ्याने आधी गंज बघावा, सर्व्हिसचे कागद बघावेत, अपघातानंतर जोडलेली बॉडी नाही ना हे तपासावं आणि मगच मागचा बिल्ला वाचावा. धडधाकट 1.6 ही खंगलेल्या 1.9 पेक्षा केव्हाही बरी.

आता आपल्या कामाचं. बाईक घेताना असो की बाहाच्या गाडीसाठी गिअर रेशो ठरवताना, हे चार प्रश्न क्रमाने विचारा. एक, जास्तीची पॉवर कशातून आली : क्षमता, फेरे की चांगला श्वास? दोन, गिअरिंगमधून जाऊन ती चाकापर्यंत किती पोचते? तीन, टायर आणि ब्रेक तिला झेपतात का? चार, चालवणारा कोण आणि रस्ता कुठला? पहिल्या तिन्हींची उत्तरं ब्रोशरमध्ये किंवा कॅल्क्युलेटरवर मिळतात. चौथ्याचं उत्तर आपलं आपल्यालाच द्यावं लागतं, आणि ते प्रामाणिकपणे द्यावं, कारण गाडी रस्त्यावर आपणच चालवणार असतो.

तेव्हा पुढच्या वेळी टपरीवर कोणी म्हणालं, "सीसी जास्त, विषय संपला," तर त्याला एवढंच विचारा : "स्ट्रोक किती रे?" विषय तिथून सुरू होतो. चहा मात्र त्याच्याकडून.