वऱ्हाडच्या उन्हात ताकदवान पण शांत संगणक : काय पाहून घ्यावा?

१ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. लागू झाला तेव्हा अमरावती-अकोल्याच्या कापड बाजारातील जवळजवळ प्रत्येक दुकानदाराला नाइलाजाने संगणक घ्यावा लागला. बिले व रिटर्न भरण्यास तो साधा संगणक आजही पुरेसा आहे. परंतु आता कामाचे स्वरूप बदलले आहे. डिजिटल प्रिंटिंगमुळे साडीची व ड्रेस मटेरियलची डिझाईन गावातच तयार करून सुरतेला पाठविता येते. मालाचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे व्हिडिओ, कॅटलॉग हे सर्व दुकानातच बनू लागले आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी नांदगाव पेठच्या पी.एम. मित्र पार्कचे भूमिपूजन झाले, त्यामुळे या कामात हात घालणाऱ्या तरुणांची संख्या वाढणार आहे. अशा कामाला ताकदवान संगणक लागतो आणि ताकदवान संगणक आपल्या भागात हटकून आवाज करतो. हा आवाज कमी कसा करावा, याचा विचार विकत घेण्यापूर्वीच करणे फायद्याचे आहे.

प्रथम ताकद किती लागते ते पाहू. साडी साधारण साडेपाच मीटर लांब व सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी रुंद असते. पन्हा १.१५ मीटर धरला आणि दर इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने पूर्ण साडीचे डिझाईन काढले तर लांबीत सुमारे ६५ हजार आणि रुंदीत सुमारे साडेतेरा हजार ठिपके होतात. गुणाकार ८८ कोटींच्या घरात जातो. छपाईच्या चार रंगांनी हिशोब केला तर एकच थर साडेतीन जी.बी.चा झाला. डिझाईनमध्ये थर दहा-पंधरा असतात. फोटोशॉपची नेहमीची पी.एस.डी. फाईल एका बाजूस ३० हजार ठिपक्यांपेक्षा मोठी होत नाही, अशी साडी पी.एस.बी. प्रकारातच साठवावी लागते. म्हणून ३२ जी.बी. रॅम ही सुरुवात समजावी, ६४ असेल तर उत्तम. दीडशे ठिपक्यांवर काम भागत असेल तर फाईल एकचतुर्थांश होते, हेही ध्यानात ठेवावे. पुष्कळ मालाला तेवढे पुरते.

रॅम मुळीच आवाज करीत नाही. एस.एस.डी.मध्येही फिरणारा भाग नसल्याने तिचा आवाज शून्य आहे. तेव्हा पैसा प्रथम या दोन गोष्टींवर घालावा. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिचा घरघराट पत्र्याच्या पेटीत घुमतो. जुन्या डिझाईनचा साठा ठेवण्यास ती हवी असेल तर वेगळ्या डबीत घालून गरजेपुरती जोडावी.

आता आवाजाचे मूळ. संगणक जेवढी वीज खातो ती जवळजवळ सर्व उष्णतेत बदलते. तीनशे वॅट खाणारा संगणक म्हणजे तीनशे वॅटची शेगडी. ही उष्णता बाहेर काढण्यासाठी पंखे, आणि आवाज पंख्यांचा. म्हणून शांत संगणक हवा असेल तर आवाज दाबण्याच्या युक्त्या शोधण्यापूर्वी उष्णता कमी निर्माण करणारे भाग निवडावेत.

येथेच वऱ्हाडचा प्रश्न वेगळा होतो. परदेशी मासिकांत ज्या भागांना 'अत्यंत शांत' असे प्रमाणपत्र मिळते त्यांची तपासणी वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत झालेली असते. आपल्याकडे मे महिन्यात काय असते? मे २०२४ मध्ये अकोल्याचे तापमान ४५ अंशांच्या वर गेले आणि जिल्हाधिकाऱ्यांना उन्हामुळे कलम १४४ लावावे लागले. पंखा कितीही चांगला असला तरी तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समजा भर कामात प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंशांनी वर जातो. डिसेंबरात खोली २२ अंश असेल तर तो ६२ वर राहील आणि पंखा हळूच फिरेल. मे महिन्यात पोटमाळ्यावर ४२ अंश असतील तर तोच प्रोसेसर ८२ वर जाईल, पंखा पूर्ण वेगाने ओरडेल आणि त्याहून वर गेल्यास प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी काम मंद करील. म्हणजे महागडी ताकद ऐन लग्नसराईत निम्मी झाली. २०१८ व २०१९ चा रमजान मे महिन्यातच आला होता. ज्यांचा ईदचा माल त्या दिवसांत तयार होत होता त्यांना याचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

यावर उपाय प्रोसेसर निवडतानाच करावा. इंटेलचा कोअर आय-९ १४९००के हा मूळ १२५ वॅटचा असला तरी जोरात असताना २५३ वॅटपर्यंत जातो. एएमडीचा रायझन ७ ७७०० हा ६५ वॅटचा म्हणून विकला जातो व जोरात असताना ८८ वॅटच्या आसपास थांबतो. पहिला अधिक वेगवान आहे यात शंका नाही, परंतु त्या शेवटच्या वेगासाठी तो जवळजवळ तिप्पट उष्णता ओकतो. डिझाईनच्या कामात फरक काही मिनिटांचा पडेल, कानाला मात्र दिवसभर पडेल. हातात आधीच मोठा प्रोसेसर असेल तर बायोसमध्ये त्याची वॅटची मर्यादा खाली आणता येते. एएमडीमध्ये याला इको मोड म्हणतात. वेग थोडा घटतो, उष्णता पुष्कळ घटते. उन्हाळ्यापुरती ही मर्यादा लावून हिवाळ्यात काढली तरी चालते.

ग्राफिक्स कार्डाचेही तसेच. एनव्हिडियाचे आर.टी.एक्स. ४०६० कमाल ११५ वॅट खाते, ४०९० हे ४५० वॅट. साडीच्या डिझाईनला मोठे कार्ड लागतच नाही, व्हिडिओच्या कामाला मध्यम कार्ड पुरते. दुकानदार मुलांच्या खेळांचे नाव काढून मोठे कार्ड गळ्यात घालतात. गरजेपेक्षा मोठे कार्ड घेणे हा सरळ इसराफ आहे, आणि त्याचा दंड विजेच्या बिलात व आवाजात दर महिन्याला भरावा लागतो. मध्यम कार्डांतही दोन मोठ्या पंख्यांचे घ्यावे. काम हलके असताना पंखे पूर्ण बंद ठेवणारे कार्ड मिळते, तेच मागावे.

पंख्यांचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप आपल्या मीटर-किलोसारखे सरळ चालत नाही. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. सारखेच दोन पंखे लावले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. उलट तोच पंखा निम्म्या वेगाने फिरविला तर सुमारे १५ डेसिबल कमी होतात, पण हवा मात्र निम्मीच कमी होते. म्हणजे पूर्ण वेगाच्या एका पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे तीन लावले तर हिशोबाने हवा दीडपट मिळते आणि आवाज सुमारे १० डेसिबल कमी होतो. म्हणून पंखे मोठे, १२० किंवा १४० मिलिमीटरचे, संख्येने जास्त आणि वेगाने कमी असावेत. छोटा ८० मिलिमीटरचा पंखा तेवढीच हवा देण्यासाठी जोरात फिरतो व शिटी वाजवितो. पंख्याचे बेअरिंगही विचारावे. स्वस्त पंख्यांतील साध्या स्लीव्ह बेअरिंगचे तेल आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकते व दुसऱ्या वर्षापासून खरखर सुरू होते. फ्लुइड बेअरिंगचा पंखा थोडा महाग पण टिकाऊ. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचे तपकिरी पंखे यात नावाजलेले आहेत. ते परवडत नसतील तर आर्क्टिकचे पंखे कमी दामात चांगले काम देतात.

प्रोसेसरवर उंच धातूच्या पात्यांचा टॉवर कूलर व त्यावर १२० मिलिमीटरचा पंखा बसवावा. पाण्याच्या कूलरचा आजकाल फार गाजावाजा आहे. परंतु पाणीही शेवटी खोलीच्या हवेनेच थंड होते, शिवाय पंपाचा आवाज वेगळा. वऱ्हाडात त्याने काही चमत्कार होत नाही.

विजेचा पुरवठा करणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, यात सर्वाधिक फसवणूक होते. पेटीसोबत फुकट मिळणाऱ्या डब्यावर '६०० वॅट' छापलेले असते. आपण कापडवाले लोक किनारीवर 'शुद्ध सूती' छापलेले पाहून माल घेत नाही, धागा जाळून पाहतो. येथे धागा जाळता येत नाही, पण '८० प्लस' ची खूण पाहता येते. ब्राँझ डबा निम्म्या भारावर साधारण ८५ टक्के वीज उपयोगात आणतो, गोल्ड ९० टक्के. अडीचशे वॅट लागणाऱ्या संगणकात ब्राँझ डब्यातच ४४ वॅट उष्णता होते, गोल्डमध्ये २८. तेवढा त्याचा पंखा हळू. वर सांगितलेल्या भागांना अडीचशे-तीनशे वॅट पुरतात, तरी ५५० ते ६५० वॅटचा गोल्ड डबा घ्यावा, म्हणजे तो नेहमी अर्ध्या भारावर शांत चालेल. यू.पी.एस. घेताना तो या डब्याशी जमतो की नाही हे दुकानातच वीज बंद करून पाहावे. काही स्वस्त यू.पी.एस. चौकोनी लाटेची वीज देतात आणि चांगल्या डब्यांपैकी काही त्यावर एकदम बंद पडतात.

पेटी कोणती? आतून फोम लावलेल्या बंद पेट्या 'सायलेंट' म्हणून विकतात. थंड मुलुखात त्या ठीक असतील. आपल्याकडे हवा कोंडते, पंखे जोरात फिरतात आणि फोमचा फायदा त्यात बुडतो. पुढून जाळीची, धुता येणाऱ्या गाळणीची पेटी घ्यावी. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवावेत, म्हणजे पेटीत हवेचा दाब राहतो आणि धूळ फटींतून न येता गाळणीवरच अडते.

कापडाच्या दुकानात हे फार महत्त्वाचे आहे. ताके उलगडताना उडणारा सुती तंतू आणि अकोल्यात जिनिंगच्या हंगामात हवेत असणारी रुई कूलरच्या पात्यांत जाऊन बसते व तिचा नमदा तयार होतो. मग हवा जात नाही, आणि मालक म्हणतो की पंखा खराब झाला. गादीवर बसून व्यापार करणाऱ्या दुकानांत संगणक जमिनीवर ठेवण्याची सवय आहे. जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवल्यास रुई पुष्कळ कमी जाते. गाळणी पंधरा दिवसांनी, आतील भाग दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने साफ करावा. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर हवेच्या झोताने ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जाते.

कोणी म्हणेल, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घोंघावत असताना संगणकाचा आवाज ऐकतो कोण? मे महिन्याच्या दुपारी ते खरे आहे. परंतु वर्षातील आठ महिने कूलर बंद असतो. व्हिडिओवर मालाची माहिती बोलायची असेल तर तो बंद करावाच लागतो. घरातील एकाच खोलीत रात्री मुलगा डिझाईन करतो आणि मुलगी परीक्षेचा अभ्यास करते, अशी घरे आपल्यात कमी नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. वाईट जुळवलेला संगणक जवळ बसणाऱ्याला तेवढा आवाज एकटाच देऊ शकतो. एक सूचना मात्र : कूलरचा झोत सरळ संगणकावर घेऊ नये. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील पाणी ताट्यांवर पांढरा थर धरते हे सर्वांनी पाहिले आहे. तेच क्षार बारीक तुषारांबरोबर आत गेल्यास सर्किट गंजते.

खरेदी नागपूरच्या सीताबर्डीतून करा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून करा किंवा गावातून करा, प्रत्येक भागाचे नाव व मॉडेल बिलावर स्वतंत्र लिहून घ्यावे. 'असेंबल्ड संगणक, नग १' असे बिल घेऊ नये. मालाचा ऐब लपवून विकणे आपल्या शरीअतमध्ये नाजायज आहे, पण समोरच्याच्या ईमानावर सर्व सोडून देणे ही तिजारतही नव्हे. गोल्डच्या जागी साधा डबा बसविला तर बाहेरून दिसत नाही, म्हणून पेटी उघडून दाखविण्यास सांगावे व मोकळे डबे सोबत आणावेत, वॉरंटीला त्यांवरील नंबर लागतात. पैसे चुकते करण्यापूर्वी एक मोठी फाईल उघडून अर्धा तास काम चालवून पाहावे आणि शक्य असल्यास ही परीक्षा दुपारी घ्यावी, सकाळी नव्हे.