जबड्याचा सांधा आणि उपचारांची घाई
परळीत आमच्या शेजारच्या काकूंनी कानाजवळच्या कळेपायी धडधाकट दाढ काढून घेतली, कळ राहिलीच. दुखत होता जबड्याचा सांधा. या दुखण्याच्या उपचारांचा इतिहासच मला घाईचा वाटतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत सांध्यातली कूर्चेची चकती काढून टेफ्लॉनची बसवत. चावताना तिचे कण सुटत, शरीर त्यांच्यावर तुटून पडे आणि त्यात शेजारचे हाडही झिजे. १९९१च्या सुमारास ती मागे घ्यावी लागली. २०२३च्या डिसेंबरात ‘बीएमजे’त आलेली मार्गदर्शिका जुनाट दुखण्यासाठी चकती काढण्याला ठाम नकार देते, जबड्याचे व्यायाम, स्नायूंचे मर्दन, वर्तनोपचार यांची मात्र जोरदार शिफारस करते. हे व्यायाम आरशासमोर घरी करता येतात, पण आधी कुणीतरी जवळ बसून ते शिकवावे लागतात.