मोगलाई लागली कुठून?

कुणी मनमानी केली, रांग मोडून घुसला, न विचारता रस्ता खणला की मराठी माणूस हटकून विचारतो, ‘इथे काय मोगलाई लागून गेली आहे?’ (हाच शब्द हॉटेलच्या पाटीवर तुपाळ रश्श्याची ग्वाही देतो, ती गंमत वेगळी.) मूळ अर्थ मात्र अगदी कोरडा, दफ्तरी आहे: मोगलांच्या अमलाखालचा मुलूख. निजाम 1724 नंतर व्यवहारात स्वतंत्र झाला, तरी नावाला बादशहाचा सुभेदारच राहिला. त्यामुळे त्याच्या मुलखालाही तेच नाव चिकटले आणि पुण्या-नगरकडची माणसे पुढे दोन शतके मराठवाड्याला मोगलाईच म्हणत राहिली. मग प्रांताच्या या नावात अंदाधुंदी शिरली कशी?

मोगलांचा कारभारच अंदाधुंद होता, हे उत्तर सोपे आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, 1650 नंतरच्या दशकात, मुर्शिद कुली खानाने इथे जमिनीची मोजणी करवून पिकाप्रमाणे धारा बांधून दिला. हे काम बेबंद राजवटीचे नव्हे. माझ्या मते दोष राज्याचा कमी आणि एकाच मुलखावर दोन राज्यांनी हक्क सांगण्याचा जास्त. जालन्याकडे पाहा. पेठ श्रीमंत, म्हणून 1679 च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली. पुढे 1719 च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली, म्हणजे शंभरातले पंचवीस आणि वर दहा. निजामाचा आमील आणि मराठ्यांचा कमावीसदार दोघेही त्याच रयतेच्या दारात उभे राहू लागले. दफ्तरात याला दुअमली म्हणत. निजामाच्या हुकमावरून काबिल खानाने 1725 मध्ये जालन्याला किल्ला बांधला. मस्तगड ही त्याचीच गढी, आणि बांधणीचे साल सांगणारा फारसी शिलालेख तिथे आहे. गढी उभारली ती बंदोबस्तासाठी. पण दोनच वर्षांत, पालखेडच्या मोहिमेच्या आरंभी, बाजीरावाने जालना आणि सिंदखेडचा टापू उद्ध्वस्त केला. सन 1803 मध्ये तर शिंदे-भोसल्यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट चढून जालन्यापर्यंत आल्या, पाठोपाठ इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले, आणि 23 सप्टेंबरला भोकरदनच्या पलीकडे असईला वेलस्लीची लढाई झाली. रयतेने दाद मागायची कुणाकडे? मोगलाई म्हणजे जिथे धनी दोन आणि वाली कुणीच नाही.

यावर कुणी म्हणेल, हे शत्रूने ठेवलेले नाव आहे, त्यात न्याय कसला शोधता? आक्षेपात तथ्य आहे. ज्या धुमाकुळाने मोगलाई बदनाम झाली त्यातला निम्मा आपल्याच घोडदळाचा होता, हे ही शिवी हासडताना आपण सोयीस्कर विसरतो. बंगालने ते लक्षात ठेवले. 1741 ते 1751 या काळात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी तो प्रांत भाजून निघाला, आणि ‘बारगीर’ या आपल्या साध्या लष्करी शब्दातून आलेला ‘बर्गी’ तिथल्या अंगाईगीतात बागुलबुवा होऊन बसला. पण शब्द केवळ शत्रुत्वातूनच बिघडतात असेही नाही. पानिपतच्या धुमश्चक्रीतून आलेली ‘भाऊगर्दी’ आपल्याच सेनापतीच्या नावाची आहे. तिच्यातला गोंधळ ओसरून नुसती उमेदवारांची झुंबड उरली.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सालारजंग 1853 मध्ये निजामाचा दिवाण झाला, त्याने जिल्हे आखले, कचेऱ्या बसवल्या. दुअमली तर त्याआधीच संपली होती. तरी टोमणा का टिकला? याचे कारण सरहद्दीत दिसते. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामी. पोलीस वेगळे, कायदे वेगळे. शब्द ज्यांच्या तोंडी होता ते बहुतेक सरहद्दीच्या अलीकडचे होते, आणि पलीकडचा सुधारलेला कारभार पाहायला त्यांना सवड नव्हती. अखेरच्या वर्षांत रझाकारांनी तर जुन्या अर्थाला ताजा पुरावाच पुरवला. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती पत्करली आणि नकाशावरची मोगलाई संपली. बोलण्यातल्या मोगलाईला तेव्हापासून गाव उरले नाही, त्यामुळे ती आता कुठल्याही नगरपालिकेत लागू शकते.